अण्णांचा चेहरा पुसट होताना

खोटं वाटत असेल तर मुलुंडला या. तो कॉम्प्युटर अजून आमच्या हॉलमध्ये आहे.

मी मधुवंती. वेबसाइट बनवते. गोष्ट गेल्या मार्चमधली, रविवारची भर दुपार. रात्र-बित्र काही नव्हती.

आमच्या सोसायटीला चाळीस वर्षं होत होती. सेक्रेटरी देवव्रतने वेबसाइटसाठी पहिल्या सत्यनारायणाचा ग्रुप फोटो दिला. त्यात माझे वडील अण्णा, आणि त्यांच्या खांद्यावर चार वर्षांची मी.

देवव्रत म्हणाला, "जे गेले त्यांना हार-बीर नको घालूस. हळूच विरून जाऊ देत. झकास दिसेल."

मला पटलं नव्हतं. तरी केलं.

प्रत्येक चेहऱ्याला ऑपॅसिटी देता येते. एक म्हणजे ठळक, शून्य म्हणजे गायब. वारलेल्यांना मी हळूहळू शून्यावर नेलं. लॅपटॉपवरच्या सगळ्या ब्राउझरमध्ये नीट चाललं.

मग अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं. त्यातल्या जुनाट ब्राउझरला असलं फेड होणं कळतच नाही. तिथे सगळे चेहरे जसेच्या तसे दिसायला हवे होते.

तसेच दिसले...

एक सोडून.

अण्णांचा चेहरा पुसट होत होता.

अहो, जिवंत माणूस! मी त्यांच्या चेहऱ्याला हातही लावला नव्हता. पेज पुन्हा उघडलं. आणखी पुसट...

मागे चहा पीत बसलेल्या अण्णांच्या कपबशीचा आवाज थांबला.

"मधू, माका गरगरता गो."

वळून बघितलं. अण्णा खुर्चीत कलंडले होते. ओठ पांढरेफटक.

घाबरले? हो, घाबरले. पण त्याहून जास्त डोकं फिरलं. सगळा फेड उडवला. चेहरा विरतच होता. वायर उपटली...

स्क्रीन चालूच.

मी स्क्रीनवर हात आपटला. "ए! माझ्या बापाला हात लावायचा नाही! कोणी हवंच असेल तर मला घे. ये!"

स्क्रीन काळी झाली.

"चाय निवली गो," अण्णा मागून म्हणाले.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. देवव्रतला मी सरळ सांगितलं, "माझ्या पेजवरून कोणी विरणार नाही. मेलेलाही नाही. चालत नसेल तर दुसरी बघ."

आज अण्णा ठणठणीत आहेत. फोटोतही ठळक.

पण काल नीट बघितलं... त्यांच्या खांद्यावरच्या माझ्या फ्रॉकमधून मागची भिंत दिसते.

दिसू दे. मी रोज सकाळी तो फोटो उघडते आणि मोठ्याने सांगते, अजून आहे मी इथेच.