तलवारीचं कंकण

लाईट काही इतक्यात येत नाही. पार्थ, तो मोबाईल खाली ठेव, त्या उजेडात मीच भुतासारखा दिसतो. आणि ज्योती, तू जवळ बस. परवाच माप ओलांडून या घरात आलीस, म्हणून तर ही गोष्ट आठवली. घाबरलीस तर तुझ्या सासूला सांगू नकोस, म्हणजे झालं.

रविराज माझ्या साडूचा मुलगा. सावेडीत फ्लॅट, बरी नोकरी, आणि वेड तलवारींचं. लग्नात मिरवायच्या तकलादू तलवारींना तो हात लावायचा नाही. पातं वाकवून सोडलं की सरळ झालं पाहिजे, पोलादात पाण्यासारख्या लाटा दिसल्या पाहिजेत. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं. त्याची बायको रूपाली, तिला सहावा महिना लागलेला. ती म्हणायची, "रवी, पाळणा कुठे ठेवायचा रे? तलवारींच्या खाली?"

गेल्या नवरात्रातली अष्टमी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रांची पूजा. पूजेला एक नवी तलवार हवीच, म्हणून हा दिवेलागणीला तिसगावच्या पुढे एका वस्तीवर गेला. वाल्मिक नावाचा माणूस. एकेकाळी घरात पाटीलकी, आता हातात कोयता. दसरा झाला की ऊसतोडीला निघायचं, घराला कुलूप लागणार, म्हणून त्यानं तलवार विकायला काढलेली.

"काका, तसली तलवार जन्मात पाहिली नव्हती," रविराज मला सांगत होता. मुठीवर सोन्याच्या तारेची वेल. आणि वेलीवर घट्ट बांधलेला पिवळा दोरा, दोऱ्यात हळकुंड.

वाल्मिकची आई लंकाबाई दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, ही नुसती तलवार न्हाई, आमच्या मुक्ताआत्याबाईचा, माज्या सासऱ्याच्या भनीचा, नवरा हाय. लग्नाच्या टायमाला नवरदेव पल्टनीत हुता, रजा मिळाली न्हाई. मंग पाटावर तलवार ठिवून लगीन लावलं. त्यो मानूस काय परत आला न्हाई. आत्याबाईनी सारा जलम हिच्यासंगं काढला. औंदा श्रावनात गेल्या... हिरव्या चुड्यानं."

"आये, गप की!" वाल्मिक खेकसला.

"व्हय, गपते. पन तलवार जिथं, तिथं आत्याबाईचं सासर. येवढं ध्यानात ठिवा."

ज्योती, कंकण कोण सोडतं गं? बरोब्बर. नवऱ्याचं नवरी सोडते, नवरीचं नवरा. तेही एका हातानं, चार जण हसत असताना. मुक्ताबाईचं कंकण सोडणारा हात आलाच नाही. मग तिनंही तलवारीचं सोडलं नाही. जन्मभर.

आणि आमचा शहाणा! सौदा उरकून तलवार घेऊन निघायलाच दहा वाजले, करंजी घाट ओलांडल्यावर चहाला थांबला. दोऱ्याखाली वेलीचं एक फूल झाकलं होतं, ते बघायचा मोह आवरेना. सोडला दोरा आणि दिला गाडीच्या खिडकीबाहेर भिरकावून. अरे, दुसऱ्याच्या लग्नाची गाठ सोडणारा तू कोण? मला अजून राग येतो.

भिंगार ओलांडून घरी पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. रूपाली जागीच होती. तलवार पलंगासमोर टांगली, दिवा मालवला, आडवा झाला. थकलेला माणूस. डोळा लागत होता.

उशीवर एक हात आला. गार. मनगटावर दोरा... ओलसर.

"सोडा की..."

त्याला वाटलं, रूपाली देवीला गेली असेल, बायकांनी काही बांधलं असेल. डोळे न उघडताच तो सोडू लागला. एका हातानं. गाठ जुनी होती. बोटांना हळकुंड लागलं...

सुटली.

काचेच्या बांगड्या वाजल्या.

आणि मग... स्वयंपाकघरातून हाक आली. रूपालीची.

"रवी, झोपलास का रे? दूध आणतेय."

...

रूपाली त्याला कधीच अहो-जाहो करत नाही. हे त्याला तेव्हा आठवलं.

कसली खंडेनवमी आणि कसली पूजा! उजाडताच दोघं तलवार घेऊन वस्तीवर गेले. लंकाबाईनं मुठीवरून बोट फिरवलं. मूठ मोकळी. मग ती रूपालीच्या पोटाकडे बघत राहिली.

"तलवार ठिवते मी," ती म्हणाली. "पन ही एकलीच माघारी आली." तलवार आत नेता नेता म्हणाली, "पोरी, तू म्हायेरी जा."

रूपाली आज राहुरीला माहेरीच आहे. मुलगी झाली, पाळणा तिकडेच हलतो. लोक काहीबाही बोलतात. पण ती त्या दिवशी माहेरी जायला तयार नव्हती रे. "माझं घर आहे, मी का जाऊ?" असं गाडीत सारखं म्हणत होती. रडत होती.

सावेडीला आले. जिना चढले. कुलूप रविराजनं स्वतः लावलेलं, स्वतःच उघडलं. दार ढकललं. रूपालीनं आत जायला पाय उचलला...

आणि तसाच मागे घेतला.

उंबऱ्याच्या आत पितळी माप लवंडलेलं होतं. त्यांच्या घरात माप कधी नव्हतंच.

तांदूळ... आतल्या बाजूला सांडले होते.