वळणावळणावरचा जाळ

ताईकडे मी गेले ती फक्त तिला समजवायला. ओबोनचा, पितरांच्या सणाचा, शेवटचा दिवस होता. घरी आलेल्या पितरांना त्या संध्याकाळी दारात जाळ करून निरोप द्यायचा असतो, आणि ताईने शेजारणींना ठणकावून सांगितलं होतं, यंदा निरोप नाही! तिचा मुलगा शिनपेई वसंतात होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. साधं प्रेतही हाती लागलं नाही.

आमचं गाव किल्ल्याचं, समुद्राला लागून. शत्रूची वाट चुकावी म्हणून जुन्या सरदारांनी प्रत्येक गल्ली काटकोनात मोडलेली. धक्क्यापासून वर येताना मला प्रत्येक वळणावर राख दिसली. ताईच्या दारात मात्र काहीच नव्हतं.

"पाण्यातून येणार पोर, या गल्ल्यांत चुकलं असतं गं," ताई कुजबुजली. "म्हणून पितर यायच्या दिवशी वळणावळणावर जाळ केले."

"आणि दारात?"

"अंबाडीच्या काड्या संपल्या... पण आला ना! तो बघ."

"अगं वेडे, रस्त्यावरच्या जाळावर कुणीही येतं! आपलं माणूस दारातला जाळ बघून येतं."

तिने ऐकलंच नाही. पडद्याआड कुणीतरी पाठमोरं बसून जेवत होतं. शेवाळाचा कुबट वास येत होता, आणि चावण्याचा आवाज... थांबतच नव्हता.

"आल्यापासून वाडगा खाली ठेवलेला नाही," ताई कौतुकाने म्हणाली. "तूच चिडवायचीस ना, चिमणीसारखा खातो म्हणून?"

तिचे गाल पार बसले होते.

"तू जेवलीस?"

"त्याचं होऊ दे..."

तांदळाचा डबा रिकामा होता. मला भीतीही वाटली आणि संतापही आला. हे बसून राहिलं तर माझी बहीण जगत नाही, एवढंच मला कळलं. मी अंगणातला जुना झाडू मोडला आणि दारात पेटवला. "जो कोण असशील, जा बाबा आता," मी हात जोडून म्हणाले.

आतलं चावणं थांबलं.

मग गल्लीतून अनवाणी पावलं धावत आली. धुरापलीकडे कुणी दिसेना.

"मावशी..." शिनपेईचा आवाज, धाप लागलेला. "किती शोधलं गं घर! आपला जाळ कुठं दिसेचना. आई कुठंय?"

"ताई!" मी किंचाळले. "धाव, तुझा शिनपेई इथं आहे! जाळ विझायच्या आत ये!"

ताई उंबऱ्यापर्यंत आली. तिने तो आवाज ऐकला, नक्की ऐकला.

तेवढ्यात पडद्याआडचं ते पहिल्यांदाच बोललं. अगदी शिनपेईच्याच आवाजात.

"आई, दार लाव ना. गार वारा येतोय."

ताईने दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

मी दार बडवत राहिले. माझ्या शेजारून आणखी कुणीतरी बडवत होतं, जाळ विझेपर्यंत.