खालच्या खोलीतला श्वास

कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या स्टुडिओत रात्री नऊला वीज गेली. वजीहकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"माझ्या ओळखीचा एक होता. साबिर. इथंच गाणी मिक्स करायचा."

"नेहमी ओळखीचाच कसा असतो हो, काका?" मी म्हणाले. माझ्याबरोबर काम शिकणारा हातेम हसला.

"नेविन, कॉलेजात शिकलीस म्हणून तोंड आवरायचं नाही असं नसतं. ऐक. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, रमजानची सव्विसावी रात्र. ईदला मालिका सुरू होणार होती, तिच्या शीर्षकगीताचं काम होतं. गाणारी रीहाम महिन्यापूर्वी अपघातात गेली. निर्माता म्हणाला, मेलेलीचा आवाज ईदला नको. त्यानं तेच गाणं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं. रीहामची आई डबाभर कहक, ईदची बिस्किटं, घेऊन आली. म्हणाली, बाळा, माझ्या पोरीचा आवाज तेवढा ठेव. साबिर म्हणाला, शब्द दिला, मावशी."

"आणि मोडला."

"काम जाईल म्हणाले होते गं." काकांनी पेला पुन्हा उचलला. "दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं रीहामच्या आवाजाची पट्टी, तिचा फेडर, तळापर्यंत ओढला. आवाज गेला. घुमारा राहिला."

घुमाऱ्यासाठी तेव्हा आमच्याकडे खालची फरशीची रिकामी खोली वापरायचे. आवाज तारेनं खालच्या स्पीकरला पाठवायचा, खोलीत घुमला की माईकनं वर आणायचा.

"प्री-फेडर!" हातेम ओरडला. "खोलीकडची वाट फेडरच्या आधीच फुटत असणार. मग फेडर पाडून काय होणार? पहिल्या वर्षाची चूक!"

"साबिरही असंच म्हणून हसला. ती वाट त्यानं फेडरच्या नंतर वळवली. घुमारा राहिला. मग स्पीकरची तार उपटली..."

"आणि?"

"राहिला."

मला पुन्हा टोमणा सुचला होता. तो मी गिळला.

"मी जिना उतर..." काका थांबले. "साबिर उतरला. दार उघडलं. आत काही नाही. स्पीकर मुका. फरशी गार. तो वर आला. मिक्सरवर आवाज मोजणारा काटा हलत होता. ती गात होती. लांबून. मग ओळ अर्ध्यात तुटली... आणि तिनं श्वास घेतला."

"मग?"

"मग काही नाही. थांबली. गायक सुरुवातीची वाट बघतो ना... तशी."

हातेम पुटपुटला, "गाण्यातले श्वास तर आपण कापून टाकतो."

"तिचे सगळे श्वास त्यानं दुपारीच कापले होते. एकेक करून."

बाहेर एक टुकटुक रिक्षा गेली.

"साबिरनं तिचा फेडर वर केला. बरोबर त्या श्वासावर ती गायला लागली. पहाटे त्यानं रीहामच्या आवाजातलंच गाणं निर्मात्याला दिलं. काम गेलं. वर्षभरानं परत घेतलं त्याला."

त्याच वेळी वर्षभर काका गावी होते. ते मला ठाऊक होतं.

पावणेदहाला वीज आली. काका पेले विसळायला गेले. मी मिक्सरसमोर बसले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खालच्या खोलीला कुलूप आहे. स्पीकर कधीच विकला, माईकही. त्या खोलीकडून येणाऱ्या फेडरला आज काहीच जोडलेलं नाही.

मी तो वर केला.

काटा वर चढला. हळूहळू... छाती भरावी तसा.

आणि तिथेच थांबला.