रुसलेल्या नवरदेवाचा लाडू

भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात उन्नती शेअर ऑटोत बसली, मोबाइलवर जुन्या नाटकाचा व्हिडिओ लावला आणि ऐन गर्दीत तिची फजिती झाली. हेडफोन जोडलाच गेला नव्हता! फोनमधून तेजरामचा आवाज ऑटोभर घुमला, "मी रुसलो! जेवतच नाही, जा!"

तेजराम वारल्याचं तिला सकाळीच कळलं होतं. लहानपणी दर दिवाळीनंतर खुर्सीपारच्या मैदानावर विदर्भातून नाटक यायचं, त्यातला हा विनोदी नट. लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेला नवरदेव तो असा रंगवायचा, की उन्नतीची आई पदर तोंडात कोंबून हसायची. आई गेली, तशी उन्नतीने खुर्सीपार सोडलं. जुनवानीच्या भाड्याच्या खोलीत तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. आज ऑफिसात तिने तेजराम गेल्याचं सांगितलं, तर सगळे म्हणाले, "कौन?" दिवसभर तिला फार एकटं वाटत होतं.

"मैडम, ये कौन सा ड्रामा है?" ऑटोवाल्याने विचारलं. ती घाईघाईने फोन बंद करू लागली...

"बंद नका करू न," समोरून आवाज आला. "आता थो लाडू खाते."

उन्नतीने चमकून वर पाहिलं. रोज संध्याकाळी समोर बसणारा प्रितम! नाव तिने त्याच्या रेल्वेच्या ओळखपत्रावर चोरून वाचलेलं. कित्येक महिने दोघांचं बोलणं म्हणजे 'ज़रा खिसकिए' नाहीतर 'आज ठंड है ना'.

फोनमधल्या तेजरामने तोंड फिरवलेलंच ठेवलं आणि हात हळूच ताटाकडे सरकवला. लाडू तोंडात जायच्या आधीच दोघं हसले. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तुमी मराठी?" तिने विचारलं.

"मंग! मले वाटलं, तुमी बिलासपूरकडच्या."

"अन् मले वाटलं, तुमी यूपीचे!"

भिलाईत मराठी माणूस मराठी घरी ठेवूनच बाहेर पडतो, त्याला कोण काय करणार!

जुनवानीला ती उतरली. तोही उतरला.

"आई गेल्यापासून मले कोणी 'जेवली का' म्हणून विचारलं नाही..." ती बोलून गेली आणि लाजली.

"मी विचारू?"

"रोज विचारा लागंल."

"रोज तं रोज!"

"तेजरामले कुठं पाह्यलं तुमी?"

"खुर्सीपारले. बाबाच्या खांद्यावर बसून. आमचं घर अजून तेथंच हाय."

उन्नती थबकली. "खुर्सीपार? थे तं सुपेल्याच्या त्या बाजूले! मंग रोज उलट्या ऑटोत कावून बसता?"

प्रितमने मान खाली घातली. "तुमी बसता म्हणून."

"अन् कधी बोलले कावून नाही?"

"असं बोलाले... हिंदीत जमलं नसतं."

तिला हसूही आलं, रडूही आलं. इतके दिवस कुणीतरी आपल्यासाठी वाट वाकडी करत होतं, आणि आपण मात्र खोलीचं कुलूप उघडताना रोज स्वतःची कीव करत होतो!

परतीचा ऑटो समोर येऊन थांबला.

"उद्या नका येऊ," ती म्हणाली.

त्याचा चेहराच पडला.

"उद्या मी येते खुर्सीपारले. आईच्या मागं तिकडं जाची हिंमतच नाही झाली... तुमी संग असाल तं जाईन."

प्रितमने हात हलवून ऑटोवाल्याला पुढे जायला सांगितलं.