तीन नंबरची लाल ओळ

उमरोळीपासून बोईसरपर्यंत भुताला न भिणारा माणूस एकच, तो मी. फक्त रात्री परसात जायचं झालं की काशीबाईला उठवून कंदील धरायला लावतो, एवढंच. हसू नकोस ठमे. तुझ्याच बापाची, जिवल्याची, गोष्ट सांगतोय. त्यानं सांगितली नसेल. त्याला अर्धीच माहीत आहे.

गेल्या धनत्रयोदशीची रात्र. कंपनी दिवाळीसाठी बंद. गेटवर मी, कॉम्प्युटरच्या खोलीत कमलेश आणि तीन नंबरच्या बॅटरी खोलीत जिवल्या. पंखा बसवायला आलेला. एवढीच माणसं. मला एकट्याला करमेना. करमेना झालं की मी कुणाची तरी खोडी काढतो. माझ्या हळदीच्या रात्री मेहुण्याला न्हाणीत कोंडला होता, विचार काशीबाईला.

कमलेशचं काम बसून. सगळ्या यंत्रांची खबर पडद्यावर येते. काही वेगळं घडलं की ओळ लाल होते. त्यानं कारण लिहायचं, मग ती मिटवायची. आधी तिथं पुंडलिक होता. तरुणपणी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताचं एक बोट गेलेला. तो म्हणायचा, "यंत्राला हात लावल्याबिगर ओळ मिटवायची नाय." श्रावणात तो वारला. कमलेशनं त्याचं नाव कॉम्प्युटरमधून स्वतः काढलं. आणि हात लावायची रीतही त्याच्याबरोबर गेली.

एक चाळीसला ओळ लाल झाली. तीन नंबर, उष्णता जास्त. ती रोजच व्हायची. कमलेशनं लिहिलं 'नेहमीचं'. मिटवली.

दोनला पुन्हा. 'नेहमीचं'. मिटवली.

दोन वाजून सतरा मिनिटं. पुन्हा लाल. कमलेशनं हात पुढं केला... आणि ओळ आपोआप मिटली.

मिटवणाऱ्याच्या जागी नाव होतं. पुंडलिक.

कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'हात लावून पाहिलं. आत माणूस.'

गेटवरचा फोन वाजला. "आबा, तीन नंबरकडं आता कोन गेलाय का?"

मी खुशीत. म्हटलं, "पुंडलिक गेला असंल! चहा पाजून पाठवलाय."

तो हसला नाही.

"काय रे?"

"आबा... त्याचं नाव आलंय."

 मला एकदम काहीतरी आठवलं... जाऊ दे. ते तुमच्या कामाचं नाही.

मी धावलो. या वयात, चप्पल टाकून. कमलेश माझ्या आधी पोचला. दाराच्या फटीतून काळा धूर. आत मोबाइलला रेंज नाही, पंख्यांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. त्यानं कडी ओढली. तापलेली. पुन्हा ओढली. उघडली.

जिवल्या उंबऱ्याशीच पडला होता. नखं फुटलेली.

श्वास... होता.

ठमे, रडू नकोस गं. तीन दिवस दवाखान्यात काढून घरी आला ना तो? परवा माझ्याच पानातला बोंबील पळवलान.

सकाळ झाली. मी आणि कमलेश दार बघायला गेलो. बाहेरच्या बाजूला काजळी धरली होती. त्या काजळीत पंजे उमटले होते. एक नाही... कडीभोवती सगळीकडे. कडी काढायला धडपडावं, आणि हाताला कडी लागूच नये, तसे.

सगळे उजव्या हाताचे.

सगळ्यांना चारच बोटं.

कमलेशनं आपला पंजा वर धरून मला दाखवला. मी माझा. पाच. पाच.

घ्या. झाली गोष्ट. आता कोण जातं एकटं परसात, बघू.

ठमी डोळे पुसून कधीची माझ्याकडंच बघत होती.

"आबा, माजा बाप तर आत व्हता," ती म्हणाली. "मंग भायेरून कडी घातली कोनी?"