चादर आधी गेली

माणसाच्या आधी त्याच्या अंगावरची वस्तू परक्या घरात जाऊ द्यायची नाही, असा आमच्या घरात नियम होता. लग्न ठरलेल्या मुलीची वापरातली साडी सासरी आधी जायची नाही. कुणी गावाला निघालं तर त्याचं अंथरूण आदल्या दिवशी पुढं धाडायचं नाही. माणूस आणि वळकटी एकाच टांग्यातून. का, असं विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं तेव्हा अक्कम्मा आत्यानं तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली आणि चुलीपुढून उठून गेली. तेवढंच उत्तर.

अशा उत्तरांचा मला वीट आला होता. आई मी सातवीत असताना गेली. घरात अप्पा, त्यांची थोरली बहीण अक्कम्मा आत्या आणि धाकटे भाऊ तिप्पण्णा काका. तिघं मिळून नियम पाळायची आणि मी एकटी ते मोडायचे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्याला वर्ष झालं होतं. घरी बसून आलेली स्थळं परत पाठवणं, एवढाच उद्योग. त्यातच मला एक नाद लागला. परदेशातल्या पर्यटन खात्यांना पत्र टाकलं की ते फुकट माहितीपत्रकं पाठवतात, हे मला वाचनालयात कळलं होतं. मी लिहीत सुटले. मोठी गुळगुळीत पाकिटं यायला लागली. त्यातली हॉटेलं मी बघतसुद्धा नसे. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, सुट्टीपुरती भाड्यानं मिळणारी जुनी घरं असायची. दगडी, तीनशे-चारशे वर्षांची, आणि आठवड्याचं भाडं इतकं कमी की मला ती छपाईची चूक वाटायची. त्या घरांना नावं होती. मला ती पाठ होती. दुपारी सगळं सोलापूर भाजत असताना मी खिडक्या लावून ओल्या फरशीवर पालथी पडायचे आणि त्या घरांतून हिंडायचे. इथं माझी खुर्ची. इथं पुस्तकं. कुठं निघालीस, कधी येणार, असं विचारणारं कुणी नाही.

"लीलाबाईंचं विलायतेत घर बघणं चाललंय," काका म्हणायचे. "आमाला न्हाणीघर तरी दाखव की. तितं पाणी रोज येतंय का दिवसाआड?"

वेल्समधलं एक घर मला सोडेना. दारावर १६४१ कोरलेलं. मागच्या बाजूला एक लहान खोली, तिची खिडकी टेकडीच्या चढावर उघडणारी. मालकीण मिसेस प्रोबर्ट नावाची एक विधवा बाई. मी तिला पत्र टाकलं. उत्तर आलं, खोली राखून ठेवायची तर एक पौंड आगाऊ पाठवा. मी खरं ते कळवलं: आमच्या देशातून एक पौंड बाहेर पाठवायलाही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, माझ्याकडे पासपोर्ट नाही, मी नुसतं स्वप्न बघते आहे. त्यावर तिनं लिहिलं, "स्वप्नासाठीही खोली राखता येते. तुमच्या गावात चादरी विणतात असं तुम्ही लिहिलंत. एक चादर पाठवा. त्या बदल्यात पहिला आठवडा तुमचा."

आमचं चाटी गल्लीत चादरींचंच दुकान. पण दुकानातली एक घडी हलली तरी अप्पांना कळायचं. म्हणून मी माझीच पाठवली. मॅट्रिक झाले तेव्हा अप्पांनी पूर्व भागातल्या एका विणकराकडून ती खास विणून घेतली होती, काठात 'शिवलीला' असं नाव घालून. पाच वर्षं मी तीच पांघरत होते. फेब्रुवारीत मोठ्या पोस्टात जाऊन ती बोटीच्या टपालानं रवाना केली. नियम आठवला नाही असं नाही. खरं सांगायचं तर आठवला म्हणूनच जास्त मजा आली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, दुपारी अडीचला, मला पहिल्यांदा ते झालं.

झोप लागली म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही. आधी वास आला. कोळशाचा धूर, ओली लोकर, जुनं लाकूड. मग थंडी. सोलापूरच्या माणसाला ठाऊकच नसते अशी थंडी, खालून वर चढणारी, पायाच्या नखांतून शिरणारी. नाकासमोर हातभर अंतरावर पांढरी भिंत. तिच्यातले पोपडे दिसत होते, पण मान वळत नव्हती. माझ्या पाठीमागं कुणीतरी आलं, थांबलं, फरशीवर बशी ठेवल्याचा आवाज झाला, आणि पावलं परत गेली. दार लागलं. तेव्हा मला कळलं की खोलीत अजून कुणीतरी आहे. माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ... बसलेलं. हलक्या श्वासाचं.

"ताई. अवो ताई, उठा की."

सोजरबाई होती. आमच्याकडे धुणंभांडी करणारी म्हातारी.

"असं भितीकडं त्वांड करून काय बसलायसा?"

मी आडवी नव्हते. मी खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते, मांडीवर हात ठेवून. सोजरबाईनं माझ्या पायाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"पाय हायत का बर्फाची लादी?" ती म्हणाली. मग कुणाला काही न सांगता खाली बसली आणि खरखरीत तळव्यांनी माझे पाय चोळत राहिली, ऊब येईपर्यंत. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं.

त्यानंतर रोज. दुपारचे अडीच वाजायचे, मी कुठंही असले तरी डोळे जड व्हायचे, आणि भिंत समोर यायची. मी घाबरले नाही, असं स्वतःला सांगत होते. मनाचे खेळ. माहितीपत्रकं वाचून वाचून डोक्यात बसलेलं घर. घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिघांनी आधी माहितीपत्रकं जाळली असती आणि मग एखादं स्थळ पक्कं केलं असतं. फक्त सोजरबाई रोज अडीचनंतर हातातली भांडी टाकून यायची, पाय चोळायची आणि म्हणायची, "लई लांब जाऊन आलायसा."

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि टपाल अडकून पडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमननं दोन निळी पत्रं एकदमच हातात ठेवली. जेवणं होऊन सगळे माजघरात बसले होते. आत्या तांदूळ निवडत होती.

"कुणाची एवढी पत्रं?" अप्पांनी विचारलं.

त्यांचा सूर ऐकून माझं डोकं फिरलं. "लपवण्यासारखं काही नाही. वाचूनच दाखवते," म्हटलं, आणि मराठी करून वाचायला लागले.

पहिलं पत्र साधं होतं. सत्तावीस एप्रिलला, शनिवारी, चादर पोचली. फार सुंदर आहे. मागच्या खोलीत अंथरली.

"कुणाची चादर?" आत्यानं विचारलं.

"माझी."

"नवी?"

"माझी. नाव घातलेली."

आत्याची बोटं तांदळात थांबली. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मी लक्ष दिलं नाही, दुसरं पत्र फोडलं. त्यावर सहा मे तारीख होती.

"'प्रिय शिवलीला, तुम्ही इतक्या लवकर याल असं वाटलं नव्हतं. आधी कळवलं असतं तर स्टेशनवर कुणाला तरी पाठवलं असतं. चादर आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला तुम्ही मागच्या खोलीत तिच्यावर बसलेल्या असता. भिंतीकडे तोंड करून. मी चहा ठेवते, तो तसाच गार होतो. तुम्ही अनवाणी असता आणि फरशी फार थंड आहे, म्हणून मोजे ठेवले आहेत. माझं काही चुकलं असेल तर सांगा...'"

मी वाचता वाचता थांबले. त्यांची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतात, हे मला माहितीपत्रकांतून माहीत होतं. त्यांचे दहा म्हणजे आपले अडीच.

"मेमसाहेबांना ऊन लागलंय," काका म्हणाले. पण हसलं कुणीच नाही. "वाच की पुढं."

"'तुमच्याबरोबरची मुलगी मात्र माझ्याकडे बघते. नऊएक वर्षांची असेल. हिरवा परकर, गळ्यात अंड्याएवढी चांदीची डबी, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. तिचं वेगळं भाडं मी घेणार नाही. पण ती रोज माझ्यासमोर येऊन आपल्या परकराला हात लावते, आणि मग तोच हात पुढं पसरते. तिला काय हवं आहे, ते कृपया कळवा.'"

चांदीची डबी वेल्समधल्या बाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्या लिंगायतांत प्रत्येक पोराच्या गळ्यात ती असते, लिंगाची.

आत्यानं सूप खाली ठेवलं. एकही दाणा सांडला नाही.

"गुरम्मा," ती म्हणाली.

हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"अक्का, गप," अप्पा म्हणाले.

"आता गप बसून काय करू, बसलिंगप्पा? चादरीमागनं ती आली की परत." आत्या माझ्याकडे बघत नव्हती. "माझं लगीन दुधनीला ठरलं होतं. मी चौदाची. अक्कलकोटाहून रुखवताची गाडी निघाली, त्यात चुकून माझं नेसूचं लुगडं गेलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी भितीकडं त्वांड करून बसायला लागले. पाय गार. तिकडनं निरोप आला, सून आधीच आली की, कोपऱ्यात बसून हाय, बोलत न्हाय... मग आमच्या आजीनं दुसऱ्या गाडीत गुरम्माचा परकर धाडला. धाकटी बहीण माझी. तुझ्या बापाच्या वरची. तिसऱ्या दिवशी मी उठून जेवले."

"आणि गुरम्मा?"

"माझ्या जागी ती बसली. उठलीच न्हाय."

"परक्या घरानं एक घेतलं की दुसरं सोडतंय," काका हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "ती पोरगी बदलीचं कापड मागायलीय, दादा. आपणहून मागायलीय. म्हंजे अजून येळ गेली न्हाय."

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. दुकानातला माल कुठल्या गाडीनं पाठवायचा हे ठरवावं, तसे ते बोलायला लागले. काका उठून परसात गेले आणि दोरीवर वाळत घातलेलं सोजरबाईचं हिरवं, विटलेलं लुगडं घेऊन आले. ते अजून दमट होतं. त्यांनी त्याची चार पदरी घडी घातली.

"तिला कोण हाय मागं-पुढं?" काका म्हणाले. "सत्तरीची झाली."

"बोटीला दोन-तीन महिने लागतील," अप्पा म्हणाले. माझे अप्पा, ज्यांनी माझ्या नावाची चादर विणून घेतली होती. "विमानानं जातंय का बघ. पत्ता लीला लिहील, इंग्रजीत."

त्यांनी माझ्यापुढं पेन धरलं.

मागं मोरीवर सोजरबाई भांडी घासत होती. राखेनं तांब्या घासल्याचा आवाज एका लयीत येत होता. मी ते लुगडं काकांच्या हातातून ओढून घेतलं.

"ही बाई महिनाभर रोज माझे पाय चोळतेय," मी म्हणाले. "तुम्हाला कुणाला दिसलं तरी का?"

"तुझ्यासाठीच चाललंय हे," अप्पा म्हणाले.

"आत्यासाठीही असंच चाललं होतं ना? एका नऊ वर्षांच्या पोरीला धाडलंत आणि चव्वेचाळीस वर्षं नियम पाळत बसलात. ती होती, हे मला परक्या बाईच्या पत्रातून कळावं? तिचा एक फोटो नाही घरात. तिच्या नावानं कधी पाण्याचा तांब्या भरला नाही कुणी."

"लीला..." आत्या म्हणाली. "न्हाय धाडलं तर तू जाशील गं. हळूहळू जातंय माणूस. आधी दुपार जाती. मग संध्याकाळ."

"जाईन. मला जायचंच होतं की. रोज तेच तर मागत होते. पण कुणाला माझ्या जागी बसवून मी इथं जेवणार नाही. सोजरबाईचं लुगडं जाणार नाही. कुणाचंच काही जाणार नाही. आणि पत्ता मी लिहिणार नाही, अप्पा."

भांड्यांचा आवाज थांबला होता. भिंतीवरच्या घड्याळात अडीच होऊन गेले होते. मला झोप नव्हती. मी सरळ उभी होते, डोळे टक्क उघडे, छातीशी ते दमट लुगडं धरून, आणि समोर भिंत नव्हती, ही तिघं होती.

अप्पा काहीतरी बोलायला गेले आणि तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. काका एक पाऊल मागं सरले. आत्यानं पदर तोंडावर दाबला. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. म्हणून मी पुन्हा एकदा म्हणाले, स्पष्ट, "नाही."

तेव्हा मलाही दिसलं. दारातून उन्हाची झळ आत येत होती, अप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि त्या एका शब्दाबरोबर माझ्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. कडाक्याच्या थंडीत निघते तशी. ती माझ्या आणि त्यांच्या मधे थोडा वेळ तरंगत राहिली.

पायाच्या नखांतून थंडी वर चढायला लागली होती.