एकेचाळीस श्वास

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या, दादाच्या बाबतीत, गेल्या वर्षी, भर दुपारी घडली आहे. मी सगळ्या शक्यता तपासल्या. उत्तर सापडलं नाही.

दादा जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून देतो. गायकाचे श्वास, खाकरणं, सगळं काढून टाकतो. वहिनी चिडवायची, "हे गाण्यातला माणूस काढून नुसतं गाणं ठेवतात!"

एक मुलगी टेप घेऊन आली. तिचे वडील एका न्यू वेव्ह बँडचे गायक. सगळी नाचायला लावणारी गाणी. शेवटचा अल्बम मात्र संथ, सोल-पॉप, स्वतःशीच बोलल्यासारखा. तो झाला आणि ते गेले. ती तेव्हा वर्षाची होती.

"काका, काही साफ करू नका हं. मला बाबांचे श्वाससुद्धा हवेत."

दादाने मान डोलावली.

आणि सवयीने श्वास गाळणारा फिल्टर चालूच राहिला.

टेप एकदाच वाजली... मग जुन्या पट्टीवरचा आवाजाचा थर भुगा होऊन गळून पडला.

स्क्रीनवर आकडा आला. काढलेले श्वास : ४१.

त्याला धक्का बसायला हवा होता. बसला नाही.

चार वाजता मुलगी आली. त्याने फाइल लावून दिली. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले.

स्क्रीनवर आवाजाची रेघ सरकत होती. दोन ओळींच्या मध्ये... सपाट.

नेमकी तिथेच ती हसली.

"बाबा श्वास घेतायत," ती म्हणाली. "अगदी कानाशी."

पुन्हा सपाट रेघ. पुन्हा हसू.

तेव्हा दादाच्या लक्षात आलं... रेघ सपाट झाली की त्याची स्वतःची छाती हलत नव्हती.

"खरं सांगणार होतो रे तिला," तो मला म्हणाला. "तोंड उघडलं, तर आत हवाच नव्हती."

ती अजून रोज चार वाजता तिच्या घरी अल्बम ऐकते. त्या वेळी दादा खुर्चीत बसून राहतो. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत. वहिनी आता चिडवत नाही. शेजारी बसून त्याचे अडलेले श्वास बोटांवर मोजते.

एकेचाळीस. दररोज.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"नाही रे. काहीच वाटत नाही."

फाइलमधली रेघ मी डोळ्यांनी तपासली. श्वास नाहीत. कानाने ऐकायचं धाडस झालं नाही.

काल त्या मुलीचा फोन आला होता. खूप आनंदात होती.

पुढच्या महिन्यात अल्बम सगळ्यांसाठी येतोय...